देर्नाची धरणे

17 मार्च 2011 रोजी सुरक्षा परिषदेने लिबियाबाबतचा ठराव क्रमांक 1973 संमत केला, तो नागरिकांच्या रक्षणासाठी. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचे रणगाडे बेंगाझी शहराच्या रोखाने निघाले होते आणि त्याचा पूर्वेतिहास पाहता ती भीती निराधार म्हणता येत नव्हती. भारत मतदानात तटस्थ राहिला; तेव्हा त्यावर टीका झाली, मला मात्र तो निर्णय आजही योग्य वाटतो. कारण बेंगाझी वाचल्यावरही त्या ठरावाच्या आधारे उतरलेली नाटोची विमाने थांबली नाहीत. रक्षणाची मोहीम बघता बघता सत्ता उलथवण्याची मोहीम झाली. 20 ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला, 31 तारखेला नाटोने गाशा गुंडाळला. मागे राहिल्या हत्यारबंद टोळ्या आणि पुढे एकाच देशात दोन सरकारे. याची किंमत बघायची तर लिबियातल्या देर्ना शहराकडे बघा. शहराच्या वरच्या अंगाला दोन जुनी धरणे होती. ती धोकादायक झाल्याचे सरकारदरबारी ठाऊक होते, एका तुर्की कंपनीने 2010 मध्ये दुरुस्ती हातीही घेतली होती. 2011 च्या धुमश्चक्रीत ते काम बंद पडले, ते कायमचेच. सप्टेंबर 2023 मध्ये वादळी पावसात दोन्ही धरणे एका रात्रीत फुटली आणि वस्त्याच्या वस्त्या माणसांसकट समुद्रात वाहून गेल्या. हजारो माणसे गेली. गद्दाफीनंतरचे नियोजन न करणे ही आपली सर्वांत मोठी चूक, अशी कबुली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी त्याआधीच, 2016 मध्ये दिली होती. तेव्हा लिबियात दुसरी यादवी चालू होती.