कुत्रे भुंकले की बाहेर का येता?



शहरात बिबट्या शिरल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असते, या आठवड्यातही ते होतेच: कुत्री जोरजोरात भुंकू लागल्याने रहिवासी बाहेर आले. माझा आक्षेप शेवटच्या दोन शब्दांना आहे. बाहेर का आले? माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात त्या दहा कोटींहून अधिक. गेटापलीकडच्या काळोखात काय उभे आहे, हे आपल्याला दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेले असते. त्याने जीव तोडून इशारा द्यायचा आणि आपण मोबाइल उंचावून नेमके तिकडेच धावायचे, याला कुतूहल म्हणत नाहीत. अशा गर्दीने काय होते, ते पुण्याने पाहिले आहे: ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा आला होता. गवत खाणारा, वाट चुकलेला प्राणी. गर्दी काही तास त्याच्यामागे धावली, तो बुजून धडका देत सुटला आणि बेशुद्ध करून पकडल्यावर मेला. त्याच महिन्यात बावधनला दुसरा गवा आला. तेव्हा बघ्यांना रोखले, वाट मोकळी ठेवली, आणि तो जंगलात परतला. महिना तोच, शहर तेच. फरक एवढाच की लोक लांब होते.

यावर कोणी म्हणेल, कुत्री मांजरावर भुंकतात, रिक्षावर भुंकतात, पार्सल आणणाऱ्या मुलावरही भुंकतात. दर वेळी दार लावून बसायचे का? बहुतेक वेळा मांजरच असणार, मान्य. पण मांजर असेल तर आत राहिल्याने काय बिघडले, आणि बिबट्या असेल तर बाहेर जाऊन काय साधणार? शिवाय आपल्या कुत्र्याचे रोजचे भुंकणे कोणते आणि आजचे कोणते, हे मालकाला कळायला हवे. एरवी साखळी ओढत पुढे पळणारा कुत्रा अचानक शेपूट पायांत घालून मागे सरकत असेल, तर त्याला दामटून पुढे नेण्यात कसला पुरुषार्थ?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुत्र्यांमुळेच बिबट्या येतो. यात तथ्य आहे. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. म्हणूनच पाळीव कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. त्याला घरातच घ्यायला हवे. पण हा उपदेश फक्त मालकांनाच का? रस्त्याकडेच्या कचऱ्यावर भटकी कुत्री आणि डुकरे पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. महापालिका कराची आठवण वेळेवर करून देते, कचऱ्याचा ढीग मात्र तिला आठवडाभर दिसत नाही. ‘पिंजरा लावा, दूर नेऊन सोडा’ असा धोशा लावणाऱ्यांनी जुन्नरचा अनुभवही आठवावा. तिथे २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. ऊसपट्ट्यात आज माणसे मरत आहेत, तिथला प्रश्न वेगळा आणि फार गंभीर आहे. त्याची तुलना सोसायटीच्या सीसीटीव्हीत दोन मिनिटे दिसून निघून गेलेल्या जनावराशी करू नये.

वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. कुत्रा भुंकला आणि खरोखरच काही दिसले, तर आधी दार लावा, मग हा क्रमांक फिरवा. चित्रफीत कोणी मागितलेली नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे