एम.ए. इंग्रजीच्या मुलांना वर्ग दाखवा

प्रति,
मा. कुलगुरू,
राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठे



जून-जुलैत आमच्या स्टाफरूमच्या दाराशी एखादी माजी विद्यार्थिनी हमखास येऊन उभी राहते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेलं असतं, हातात प्लास्टिकची फाईल असते आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘‘सर, एम.ए. करू की आधी बी.एड.?’’ वीसेक वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आहे. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायला मला अजून जमलेलं नाही. नीट सांगायला बसलं तर चहा गार होतो.

नववी-दहावीला शिकवायचं तर बी.ए., बी.एड. पुरतं. अकरावी-बारावीसाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. आठवीपर्यंतच्या वर्गांना वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहेच. पदवी महाविद्यालयात मात्र बी.एड.चं नावही कुणी काढत नाही. तिथे एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट झालं की काम झालं. थोडक्यात, दहा वर्षांच्या पोरासमोर उभं राहायला प्रशिक्षण हवं, सराव पाठ हवेत, परीक्षा हवी. आणि अठरा वर्षांच्या पोरासमोर उभं राहायला एका दिवसाचाही सराव लागत नाही. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. शाळेचे नियम एनसीटीई करते, महाविद्यालयाचे यूजीसी, आणि दोघांच्या मधल्या भिंतीवर आमची मुलगी फाईल घेऊन बसलेली असते.

मी तिला वर्षं मोजून दाखवतो. बी.ए. तीन, एम.ए. दोन, बी.एड. दोन. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं, 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं. त्यानंतर ‘टेट’, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी. ती 2017 साली झाली, मग थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या पाच वर्षांत बी.एड. झालेल्यांनी काय केलं ते त्यांच्या घरच्यांना विचारा. निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षण सेवक, अकरावी-बारावीच्या वर्गांना महिना 20 हजार मानधन. हे सगळं ऐकून बहुतेक जणी बी.एड.चा नाद सोडतात, एम.ए.ला प्रवेश घेतात आणि नेट-सेटच्या मागे लागतात. पुढे कुठेतरी तासिका तत्त्वावर प्रथम वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीचे तास मिळतात. समोर शंभरावर मुलं. आणि वर्ग कसा हाताळायचा हे तिला आयुष्यात कुणी दाखवलेलं नसतं.

मला ते कुणी दाखवलं, हे सांगायला हवं. एम.ए. मी हौसेनं केलं, बी.एड. नाइलाजानं. बी.एड.मधलं बरंचसं मला तेव्हाही फोल वाटलं होतं, आजही वाटतं. थर्माकोलचे तक्ते, पाठ टाचणाच्या वहीला घातलेलं खाकी कव्हर, इंग्रजी कसं शिकवावं यावर मराठीतून घेतलेल्या नोट्स! पण एका सराव पाठाला निरीक्षक मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. आठवीचा वर्ग होता. मी मोठ्या झोकात बोललो. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत दोन ओळी होत्या : फळ्यावरचं लेखन उजवीकडे उतरतं; आणि, प्रश्न विचारता पण उत्तरही तुम्हीच देता. पहिली खोड महिन्याभरात गेली. दुसरी अजून पुरती गेलेली नाही. पण ती आहे हे मला ठाऊक आहे, आणि हे ज्ञान एम.ए.च्या एकाही पेपरानं मला दिलं नसतं.

एम.ए.चा अभ्यासक्रम मला प्रिय आहे, त्यातलं काही कापा असं मी म्हणणार नाही. चॉसर राहू द्या, देरिदाही राहू द्या. काही विद्यापीठांत इंग्रजी अध्यापनाचा पेपरही आहे. तो लेखी असतो. त्यात अध्यापनाच्या पद्धतींवर सोळा गुणांचं उत्तर लिहिता येतं. ‘ही डिडन्ट वेन्ट’ असं लिहिणाऱ्या मुलाशेजारी बसून काय बोलायचं, ते त्यात येत नाही. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे हा मुलगा दहा वर्षं इंग्रजी शिकून माझ्यासमोर आलेला असतो. अकरावीत त्याच्या वहीत हे वाक्य दिसतं, आणि बी.ए.च्या उत्तरपत्रिकेतही दिसतं.

शिक्षक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असं काही प्राध्यापक मित्र म्हणतात आणि लगेच दोन नावं घेतात : विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. दोघांनीही इंग्रजी शिकवलं, खरं आहे. त्यांच्या वर्गात बसायला मिळालं त्यांचं नशीब थोर. पण दरवर्षी एम.ए. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांत विंदा किती निघणार, आणि बाकीच्यांचं काय करायचं?

आता विनंतीकडे येतो. तिला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी. राज्याच्या 2023 च्या नव्या आराखड्यानं एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) आणलं आहे. चार श्रेयांक, म्हणजे एकशेवीस तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. इंग्रजीच्या मुलांनी हा अनुभव घ्यायचा कुठे, यावर फारसा विचार झालेला दिसत नाही. गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी तिचं प्रमाणपत्र दाखवायला आली होती. कुठल्याशा टायपिंग सेंटरचा शिक्का. हजेरीच्या तक्त्यात तीस दिवसांच्या तीस सह्या, एकाच पेनानं, एकाच बैठकीत ठोकलेल्या. ‘‘काय केलंस गं तिथे?’’ म्हटलं, तर हसली. ‘‘सर, दोनदा गेले. एकदा फॉर्म द्यायला आणि एकदा घ्यायला.’’

ते एकशेवीस तास आमच्या वर्गात खर्च होऊ द्या. जवळच्या शाळेशी किंवा कनिष्ठ महाविद्यालयाशी महाविद्यालयानं लेखी ठरवून घ्यावं. पहिले काही दिवस मुलांनी फक्त मागे बसून बघावं. मग वह्या तपासाव्यात, कच्च्या पाच-सहा मुलांचा गट घ्यावा, आणि शेवटी पंधरा-वीस तास पूर्ण वर्गावर घ्यावेत. प्रत्येक तासाला मागच्या बाकावर शिक्षक हजर हवा आणि वहीत त्याचा शेरा हवा. एक अट मात्र कागदावर पक्की करा : रिक्त जागेवर फुकटचा माणूस म्हणून या मुलांना कुणी उभं करायचं नाही. आमच्या संस्थाचालकांना ओळखतो म्हणून हे सांगतो आहे.

यानं बी.एड.चं काम होणार नाही, परवानाही मिळणार नाही. पदव्युत्तर मुलांसाठी एका वर्षाचं बी.एड. एनसीटीईच्या 2025 च्या मसुद्यात आलं आहे, त्याचं व्हायचं ते होईल. पण वर्गात जाऊन आलेल्या मुलीला निदान इतकं तरी कळेल, की आपल्याला हे काम आवडतं का. आवडलं तर बी.एड.ची दोन वर्षं तिला जड जाणार नाहीत. नाही आवडलं, तर अनुवाद आहे, प्रकाशन आहे, बँकेच्या परीक्षा आहेत. ते तिला तेविसाव्या वर्षी कळलेलं बरं.

आमच्याकडे अकरावीचा पहिला तास साडेसातला असतो. मागचा बाक रिकामा आहे. येत्या सत्रात दोघा-तिघांना पाठवा, लाल पेन मी आणून ठेवतो.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातला एक इंग्रजी शिक्षक