प्रोसेसर निवडताना निष्ठा कशाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले, महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू झाली की मध्यमवर्गीय घरात संगणक खरेदीचा विषय निघतोच. चाळीस-पन्नास हजारांपासून पुढे जाणारी ही खरेदी अनेक कुटुंबांच्या दृष्टीने त्या वर्षातील सर्वांत मोठी असते. पण ती करताना आपण ज्या पद्धतीने निर्णय घेतो, ती पद्धत मात्र विचित्र आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी ‘इंटेलच घ्या, नाव आहे’ म्हणून सांगतात. कुणी भाचा-पुतण्या ‘एएमडी स्वस्त आणि मस्त’ असे ठासून सांगतो. दुकानदाराकडे ज्याचा साठा अधिक, त्याची तो शिफारस करतो. विद्यार्थ्याला नेमके कोणते काम करायचे आहे, हा प्रश्न या वादात कुणी विचारतच नाही.

साडी घेताना पोत पाहणारा, तांदूळ घेताना दाणा चावून बघणारा आपला ग्राहक संगणकाच्या दुकानात मात्र भाविक होतो. हे का व्हावे? याचे एक कारण असे की, या दोन नावांभोवतीच्या समजुती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्या वडिलांकडून मुलाकडे वारशाने आल्या आहेत. म्हणून थोडा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

इंटेलची स्थापना १९६८ची, एएमडीची १९६९ची. दोन्ही कंपन्यांचे संस्थापक अमेरिकेतील फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. इंटेलने १९७१मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. पुढे १९८१मध्ये आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एक अट घातली. एकाच पुरवठादारावर आम्ही विसंबणार नाही, हाच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी हवी, असे आयबीएमचे म्हणणे होते. त्यातून १९८२मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. या व्यवसायातील ‘दुसरी कंपनी’ एका शहाण्या ग्राहकाच्या आग्रहामुळे उभी राहिली, ही गोष्ट आजच्या ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ८०३८६च्या वेळी इंटेलने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला, वर्षानुवर्षे लवाद आणि खटले चालले आणि १९९१मध्ये एएमडीने आपला ३८६ बाजारात आणलाच. केवळ आकड्यांवर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगता येत नाही, हे ध्यानात आल्यावर इंटेलने ५८६ हा आकडा टाळून १९९३मध्ये ‘पेंटियम’ हे नाव घेतले.

येथे पुण्याचा एक धागा येतो. पेंटियमचे जनक म्हणून जगभर ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेले हे कुटुंब. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन धाम अमेरिकेला गेले, इंटेलमध्ये मोठे झाले आणि १९९५मध्ये ती कंपनी सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत दाखल झाले. नेक्सजेन एएमडीने विकत घेतली आणि तेथून १९९७मध्ये पेंटियमला टक्कर देणारा के-६ बाहेर पडला. एकाच माणसाचे कर्तृत्व दोन्ही तंबूंत! ‘इंटेलचे ते अस्सल, एएमडीची ती नक्कल’ असे मानणाऱ्यांनी एवढा एक तपशील ध्यानात घेतला तरी पुरे.

‘एएमडी गरम होतो’ ही दुसरी समजूत. तिच्यात एके काळी तथ्य होते, हे नाकारण्याचे कारण नाही. २००१च्या सुमारास अॅथलॉनचा पंखा किंवा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा निघाला तर प्रोसेसर जळून जात असे. पेंटियम-४मध्ये तापमान वाढताच वेग आपोआप कमी करण्याची सोय होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवणी करून घेतलेल्या यंत्रांमध्ये हलका पंखा आणि त्यावर आपला उन्हाळा, अशी गाठ पडे. पण २००४मध्ये इंटेलने पेंटियम-४ची जी पुढील आवृत्ती आणली, तीच उष्णतेसाठी बदनाम झाली. गिगाहर्ट्झचा आकडा वाढवत नेण्याच्या हव्यासापायी त्या रचनेत एक सूचना पूर्ण होण्यासाठी ३१ टप्पे करण्यात आले होते; आकडा मोठा दिसे, काम त्या प्रमाणात होत नसे. अखेर तो मार्ग इंटेललाच सोडावा लागला. इस्रायलमधील हैफा येथील अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी काटकसरीने केलेली रचना हाती घेऊन इंटेलने २००६मध्ये ‘कोअर टू’ आणला आणि बाजी पालटली. मधल्या काळात, २००३मध्ये, एएमडीने जुन्या प्रणाली न मोडता ६४ बिटांवर नेणारी रचना सादर केली होती. पुढच्याच वर्षी ती इंटेलनेही स्वीकारली. आज इंटेलचा प्रोसेसर असलेल्या संगणकातही ही एएमडीची देणगी नांदत असते.

आता मुख्य मुद्दा. या दोघांपैकी एक जण दुर्बळ झाला की काय होते, हे आपण सर्वांनी भोगले आहे, जरी आपल्याला ते त्या वेळी कळले नसले तरी. २०११मध्ये एएमडीची बुलडोझर ही रचना फसली. त्यानंतर सुमारे पाच वर्षे इंटेलला सामान्य संगणकांच्या बाजारात खरा प्रतिस्पर्धी उरला नाही. परिणाम काय? चार गाभ्यांचा, म्हणजे चार ‘कोअर’चा प्रोसेसर सामान्य ग्राहकाला २००७च्या आरंभीच मिळू लागला होता, २०१७च्या आरंभी इंटेलचा त्या वर्गातील सर्वांत महागडा प्रोसेसरही चारच गाभ्यांचा होता. पूर्ण दशकभर! मार्च २०१७मध्ये एएमडीने आठ गाभ्यांचा रायझन आणला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलचा सहा गाभ्यांचा प्रोसेसर दुकानात दिसू लागला. दहा वर्षे जे घडले नाही, ते प्रतिस्पर्धी पुन्हा उभा राहताच महिन्यांत घडले.

आणि हा प्रतिस्पर्धी दुर्बळ राहावा यासाठी केवळ गुणवत्तेचाच वापर झाला, असे नाही. एएमडीचे प्रोसेसर असलेली यंत्रे लांबणीवर टाकण्यासाठी संगणक-उत्पादकांना पैसे देणे, सशर्त सवलती देणे अशा कारणांसाठी युरोपीय आयोगाने २००९मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला. २०२२मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. सवलतींचा परिणाम आयोगाने पुरेसा सिद्ध केला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. पण थेट पैसे देण्याच्या भागासाठी आयोगाने २०२३मध्ये सुमारे ३७ कोटी ६० लाख युरोंचा दंड नव्याने लादला. दरम्यान २००९मध्येच इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातील खटले मिटवले होते.

म्हणून एएमडीला साधुत्व बहाल करण्याचेही कारण नाही. बुलडोझरच्या गाभ्यांची संख्या फुगवून सांगितल्याच्या दाव्यात या कंपनीने २०१९मध्ये अमेरिकेत १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड केली. २०२०मध्ये आपले पारडे जड झाल्याचे दिसताच सहा गाभ्यांच्या तिच्या प्रोसेसरची किंमत २४९ डॉलरवरून २९९ डॉलर झाली. व्यापारी तो व्यापारीच. त्याला वठणीवर ठेवते ती समोरच्या दुकानाची उघडी दारे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती अन्नधान्य आणि किराणा यांच्या संदर्भात. पण जागरूक ग्राहकाला कंपनीचे भक्त होण्याची चैन परवडत नाही, हे सूत्र सिलिकॉनलाही तितकेच लागू पडते.

शासकीय संस्था या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी आहेत, हे आश्चर्य वाटले तरी खरे आहे. पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला, त्यात इंटेलचे प्रोसेसर होते. त्याच संस्थेत सप्टेंबर २०२४मध्ये ‘अर्क’चे उद्घाटन झाले, त्यात एएमडीचे आहेत. मान्सूनचा अंदाज वर्तवणाऱ्या शास्त्रज्ञांना कोणत्या कंपनीचा बिल्ला लागला आहे याच्याशी कर्तव्य नसते. अपेक्षित गणित किती वेळात, किती विजेत आणि किती पैशांत होते, एवढेच ते पाहतात.

या दोहोंपैकी आपले कोण, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर स्पष्ट आहे : कोणीही नाही. बेंगळुरूतील आपले अभियंते दोघांसाठीही राबतात. इंटेलचा २००८चा सहा गाभ्यांचा झिऑन तेथेच रचला गेला आणि एएमडीचे जगातील सर्वांत मोठे रचना केंद्र म्हणून २०२३मध्ये जे उघडले, तेही बेंगळुरूतच. मालकी मात्र अमेरिकेची. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे खुल्या रिस्क-व्ही रचनेवरील आपले प्रयत्न आहेत. अवकाशयानांसाठीचा ३२ बिटांचा ‘विक्रम’ मोहालीच्या शासकीय प्रयोगशाळेत तयार होतो. अभिमान वाटावा असेच हे काम आहे. परंतु ते यंत्रनियंत्रण, अवकाश अशा क्षेत्रांसाठीचे आहे. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये बसवण्यासाठीचे नाही, आणि तसे भासवून कुणाची दिशाभूल करू नये. त्या लॅपटॉपपुरती आजची स्वदेशी इतकीच, की कष्टाचा पैसा डोळसपणे खर्च व्हावा.

तो कसा व्हावा? घरगुती लेखन, टॅली, ऑनलाइन वर्ग, बँकेचे व्यवहार यांसाठी दोन्ही कंपन्यांचे मधल्या फळीतील नवे प्रोसेसर पुरून उरतात. तेथे प्रोसेसरवरील चार हजार वाचवून १६ जीबी मेमरी आणि चांगली एसएसडी घेणे केव्हाही शहाणपणाचे. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपले महाविद्यालय कोणती आज्ञावली शिकवते, हे आधी विचारावे आणि त्या आज्ञावलीच्या निर्मात्याने सांगितलेली गरज पाहावी. मेजावरचा संगणक असेल तर पुढे केवळ प्रोसेसर बदलता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा. २०१७मध्ये एएमडीच्या ज्या बैठकीवर पहिला रायझन बसला, तिच्यावरच २०२२चे प्रोसेसरही आले. इंटेलने त्या अवधीत बैठक दोनदा बदलली. उलट, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती कोणत्या यंत्राची होते, हे पाहिले तर पारडे इंटेलकडे झुकू शकते. वापरलेला मेजावरचा संगणक घेत असाल आणि त्यात इंटेलचा तेराव्या वा चौदाव्या पिढीचा आय-७ किंवा आय-९ असेल, तर २०२४मध्ये उघड झालेल्या अस्थिरतेच्या दोषावरील सुधारणा बायोसमध्ये केली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. या प्रोसेसरवरील हमी इंटेलने तेव्हा दोन वर्षांनी वाढवली होती.

सर्वांत मोठी फसगत होते ती नावात. ‘आय-७ आहे साहेब’ म्हणून दाखवलेले यंत्र २०१३च्या चौथ्या पिढीचे असेल, तर २०२२चा साधा आय-३ त्याच्यापेक्षा सरस ठरतो. शिवाय विंडोज-११ चौथ्या पिढीला अधिकृतरीत्या चालत नाही आणि विंडोज-१०चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. एएमडीकडेही हाच खेळ आहे. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकून सातव्या मालिकेचा नवा प्रोसेसर वाटतो, पण त्यातील तिसरा अंक २ आहे आणि तो सांगतो की आतील रचना २०१९ची आहे. दुकानात ‘आय-५’ किंवा ‘रायझन-५’ एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासह, कागदावर लिहून मागावा, घरी येऊन तो कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि पैसे देण्यापूर्वी तोच क्रमांक पावतीवरही घालून घ्यावा. दुकानदार कुरकुर करील. पण पक्की पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाची त्याला सवय व्हायला हवी.