स्वेच्छेने शिवलेल्या चपला



इंग्लंडातील एका सुखवस्तू घराण्यात जन्मलेला, केंब्रिज विद्यापीठात शिकलेला आणि धर्मोपदेशकाची वस्त्रे आपण होऊन उतरवून ठेवणारा एक गृहस्थ स्वतःच्या हाताने चपला शिवून विकीत असे, हे आपणांस सांगितले तर आपण काय म्हणाल? ज्यांच्या वाडवडिलांना मेलेली ढोरे ओढावी लागली, ज्यांच्या शेजारच्या वस्तीत चामड्याला हात लावणे हा जन्माचा शिक्का ठरला, त्यांना या छंदाचे कौतुक वाटणे कठीण आहे. मलाही प्रथम वाटले नाही. तरी त्या गृहस्थाची हकीकत आपण ऐकावी अशी माझी विनंती आहे.

त्याचे नाव एडवर्ड कार्पेंटर. जन्म 1844 चा. 1874 साली त्याने चर्च सोडले, उत्तर इंग्लंडातील कामगारांच्या शहरांतून व्याख्याने दिली आणि पुढे शेफील्डजवळ मिलथॉर्प या खेड्यात सात एकर जमीन घेऊन भाजीपाला पिकवू लागला. अलीगढच्या कॉलेजात शिकविणाऱ्या त्याच्या एका मित्राने काश्मीरहून चपलांचा एक जोड धाडला. त्या नमुन्यावरून हा चपला शिवावयास शिकला. 1890 साली तो सिलोन व हिंदुस्थान पाहून गेला आणि त्या प्रवासावर त्याने पुस्तकही लिहिले.

कार्पेंटर समलिंगी होता. शेफील्डच्या गरीब वस्तीत वाढलेल्या जॉर्ज मेरिल या कामगाराबरोबर 1898 पासून त्याने उघडपणे एक संसार केला, तो तीस वर्षे टिकला. हे धाडस केव्हाचे, ते ध्यानात घ्यावयास हवे. 1885 च्या कायद्याने पुरुषापुरुषांतील अशा संबंधास दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा होती आणि 1895 साली ऑस्कर वाइल्डसारखा नामांकित लेखक तीच भोगावयास तुरुंगात गेला. त्याच सुमारास समलिंगी प्रेमावर कार्पेंटरची एक पुस्तिका खाजगी वाटपासाठी छापली गेली होती. वाइल्ड प्रकरणाने घाबरून लंडनच्या प्रकाशकाने त्याचे पुढचे पुस्तक परत केले. ते शेवटी छापले मँचेस्टरच्या मजूर चळवळीच्या छापखान्याने. प्रतिष्ठितांनी टाकलेले मजुरांनी उचलले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच्या समाजवादात हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. मजुरी चार पैशांनी वाढली आणि हुकूम सोडणारा मालक तोच राहिला, तर त्याला तो समाजवाद म्हणावयास तयार नव्हता. कामाचा कारभार काम करणाऱ्यांनी मिळून चालवावा, स्त्री कोणाच्या अन्नाची मिंधी नसावी, आणि कोणी कोणावर प्रेम करावे हे पोलिसाने ठरवू नये, असा त्याचा आग्रह होता. वर्गाची भिंत ओलांडून जडणाऱ्या अशा प्रेमातून लोकशाहीला बळ मिळेल, असेही त्यास वाटे. ज्या देशात जातीबाहेर मन जडले म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेतला जातो, तेथील वाचकाला याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

येथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. पुढे नाही. सरकारवाचून चालणाऱ्या, लहान लहान आणि परस्परसहाय्यावर उभ्या असलेल्या समाजावर त्याचा मोठा विश्वास होता. (त्याचे आधुनिक सुधारणेवर टीका करणारे पुस्तक गांधीजींना आवडले होते, यात नवल नाही.) आपण खेडे ओळखतो. पूज्य बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याचे जे वाभाडे काढले ते अनुभवातून काढले, आणि 1947 च्या आपल्या निवेदनात मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, हे घटनेतच लिहून ठेवण्याची मागणी केली. लहान समाजाच्या मर्जीवर दुबळ्याला सोडता येत नाही. कार्पेंटरलाही हे कळावयास हवे होते, कारण 1909 साली एका शेजाऱ्याने त्याची बदनामी करणारे पत्रक काढले. तो तगला, पण त्याच्यापाशी वडिलार्जित पैसा होता, नाव होते. त्या चपलाही त्याने आवड म्हणून शिवल्या, आमच्या लोकांच्या माथी ते काम मारले गेले. निवड करण्याची मुभा त्याला होती. ती सर्वांना मिळावयाची तर कायद्याचे लिखित संरक्षणच हवे.

मात्र कायदा आपोआप येत नाही, आणि मित्रही पुष्कळदा नमस्कारावर भागवितात. 1924 साली त्याच्या ऐंशीव्या वाढदिवशी मजूर मंत्रिमंडळातील प्रत्येक मंत्र्याने शुभेच्छापत्रावर सही केली. त्याच्यासारख्यांना गुन्हेगार ठरविणारा कायदा मात्र कोणी हलविला नाही. 1929 साली तो वारला. इंग्लंडात त्या कायद्याला पहिली मोठी खिंडार पडली ती 1967 साली.

आता मुंबईकडे या. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 साली हायकोर्टात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. हॅवलॉक एलिस या इंग्रज शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा त्यांनी आधार घेतल्याचे सांगतात. हा एलिस कार्पेंटरचा स्नेही. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुण्यामुंबईचे सनातनी ज्याच्या सावलीलाही उभे राहात नव्हते, त्याच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले, ही नोंद आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

"परंतु तिसरे शील?" असे कोणी विचारील. त्या शीलाचा रोख दुसऱ्याला फसविणाऱ्या, दुखविणाऱ्या आचरणाकडे आहे. दोन प्रौढ माणसांच्या संमतीच्या सहवासात फसवणूक कोणाची? विनयपिटकात 'पंडक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांस प्रव्रज्या नाकारली आहे, हेही मी लपवीत नाही. पण जे बुद्धीला व तर्काला पटत नाही आणि माणसाच्या हिताचे नाही, ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिली. ती येथे लावावयास कचरू नये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध कलम 377 च्या कचाट्यातून सोडविले, आणि तो निकाल देताना बाबासाहेबांनी घटना समितीत मांडलेल्या संविधानिक नीतिमत्तेचा आश्रय घेतला. तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क 2014 मध्येच मान्य झाला होता. त्या निकालाने त्यांना मागासवर्ग म्हणून सवलती द्याव्यात असे सांगितले. ऐकावयास बरे वाटते. पण जी पारलिंगी व्यक्ती दलितही आहे, तिने आपली कोणती बाजू सोडावी? तामिळनाडूच्या ग्रेस बानू या दलित पारलिंगी कार्यकर्त्या नेमके हेच विचारीत आल्या. स्त्रियांना जशा प्रत्येक प्रवर्गात जागा राखून ठेवतात, तशा प्रत्येक प्रवर्गात तृतीयपंथीयांसाठी असाव्यात, म्हणजे समांतर आरक्षण असावे, ही त्यांची मागणी. कर्नाटकाने 2021 साली सरकारी नोकऱ्यांत अशी एक टक्का तरतूद केली. ही मागणी आपल्या वाट्यातून काही काढून घेणारी नाही, कारण अनुसूचित जातींच्या जागा अनुसूचित जातींच्याच माणसाला मिळतात.

आपला मुलगा "मला लग्न करावयाचे नाही" असे दुसऱ्यांदा म्हणाला, तर पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी त्याला एकट्याला बसवून विचारा. त्याच्या उत्तरावर एका परक्या मुलीचेही आयुष्य अवलंबून आहे. वस्तीतील तृतीयपंथी व्यक्ती वंदनेस आली तर तिला मागे चपलांपाशी बसवू नका, आणि विहाराच्या समितीची निवड होईल तेव्हा तिचे नाव सुचविण्यास कोणी धजत नसेल, तर ते आपण सुचवा.