मधला भाव

‘नोकरी सोडून परत शाळा? लग्नाच्या वयात?’ हिंजवडीला रामराम ठोकून एम.टेक.ला ॲडमिशन घेतली, तेव्हा अण्णा एवढंच बोलले. ते वाक्य डोक्यात असं बसलं, की चार महिने मी अकोल्याला फिरकलोच नाही. (अहिल्यानगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. आम्हाला हे जन्मभर सांगावं लागतं!)

विषय ॲडव्हान्स्ड डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. नाव ऐकूनच जाम टेन्शन. पण काम साधं : गोंगाटातून हवं ते वेगळं काढायचं. अभ्यासाला उदाहरण निघालं आमच्याच वाटेवरचं, नारायणगावजवळच्या खोडदचं. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. आणि मध्येच जवळच्या विजेच्या तारांवर ठिणगी उडाली, की तिचाच दंगा!

उपाय? सरासरी नाही, मीडियन. मिळालेले आकडे चढत्या क्रमानं लावा, मधला उचला. प्रत्येक आकडा त्यापासून किती लांब ते मोजा, त्या अंतरांचाही मीडियन काढा. त्याच्या कैक पट लांब असेल तो आकडा ठिणगीचा, तो बाजूला. आणि हे सगळं निरीक्षण चालू असतानाच.

दिवाळीला शेवटी घरी गेलो. चहा घेताना अण्णांनी विचारलं, ‘शिकतोस तरी काय?’

आमचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो. म्हटलं, ‘पाच दिवस क्रेटला १५०, १६०, १७०, १८० आणि एकदम ९०० भाव मिळाला, तर सरासरी?’

‘३१२,’ अण्णांचा तोंडी हिशेब. ‘पण तेवढा भाव कुठल्या दिवशी मिळाला? ९०० धरून कोण लागवड करतंय? मधला भाव बघायचा. १७०.’

घ्या! आमचं अख्खं सेमिस्टर त्यात गेलं होतं.

रात्री झोप येईना. चार महिन्यांत दर शनिवारी अण्णांचा फोन आला होता, ‘जेवलास का?’ एवढंच विचारायला. मी ‘हो’ म्हणून ठेवून द्यायचो. फोन सोळा-सतरा, वाक्य एक. आणि मी मात्र ९०० धरून लागवड करून बसलो होतो.

सकाळी एसटीत चढताना अण्णांनी खिडकीशी येऊन विचारलं, ‘पुढची फी कधी भरायची?’