शुश्रूषेचे रेशन

धान्याचे रेशन असते तेव्हा त्याचा नियम सर्वांना ठाऊक असतो. माणशी किती तांदूळ मिळणार हे दुकानाच्या फळ्यावर लिहिलेले असते आणि कमी मिळाले तर तक्रार करण्यास जागा असते. वृद्धाश्रमांतून आणखी एका वस्तूचे रेशन होत असते. त्याला मात्र फळाही नाही आणि कार्डही नाही. ती वस्तू म्हणजे शुश्रूषा.

हिशेब साधा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी, असा शुश्रूषेतील जुना दंडक आहे. रात्रपाळीला एकच सेविका असेल, अशी दहा माणसे तिच्याकडे असतील आणि प्रत्येकाला दहा मिनिटे लागत असतील, तर दोन तासांतील १०० मिनिटे तेवढ्यातच संपतात. उरलेल्या २० मिनिटांत कोणाला शौचास न्यायचे, कोणाला पाणी पाजायचे आणि भेदरून हाका मारणाऱ्या आजीजवळ कोणी बसायचे? काही तरी राहणारच. काय राहू द्यायचे हे ती बिचारी एकटीच ठरविते. जो हाक मारतो त्याच्याकडे आधी धावावे लागते; ज्याला हाकही मारता येत नाही, त्याचा वाटा प्रथम कापला जातो.

हे केवळ गरीब देशांचे दुखणे नव्हे. स्वित्झर्लंडसारख्या संपन्न देशातील शुश्रूषागृहांची बासेल विद्यापीठाने २०१२-१३ मध्ये पाहणी केली. जेवू घालणे, स्नान घालणे ही कामे तेथे क्वचितच टळत. पण वृद्धांबरोबरचे बोलणे-बसणे आणि नोंदी ठेवणे यांवर अधिक वेळा गदा येत होती. म्हणजे पोट भरते, पण मनाची उपासमार होते. आणि नोंदच नसल्यामुळे ती कोणाला दिसत नाही.

गोमंतकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते; केरळच्या खालोखाल आपलाच क्रमांक होता. मुले मुंबईला, आखातात, विलायतेत. गावच्या घराला कुलूप आणि आई-वडील आश्रमात, हे चित्र आता हिंदू घरांनाही नवे राहिलेले नाही. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम कल्पिले आणि तेथील सेवांचा दर्जा ठरविण्याचे काम राज्य सरकारांवर सोपविले. खाटांचा आकडा कायद्यात आला. हातांचा आला नाही.

केवळ आकडा ठरविल्याने सर्व साधते असेही नव्हे. अमेरिकेने २०२४ मध्ये प्रत्येक वृद्धामागे दिवसाला ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा किमान नियम केला. माणसे आणि पैसा आणायचा कोठून, असा आक्षेप संस्थांनी घेतला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आपल्याकडेही तुटपुंज्या वेतनावर रात्र रात्र जागणारी सेविका मिळणे कठीण, आणि मिळाली तर टिकणे त्याहून कठीण.

परंतु पैसा अपुरा आहे म्हणून सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही. प्रोव्हेदोरियाचे असोत, धर्मादाय संस्थांचे असोत वा खासगी, प्रत्येक आश्रमाच्या दारावर एक फळा असावा: अंथरुणाला खिळलेले किती, दिवसपाळीला सेवक किती, रात्रपाळीला किती. प्रत्येक पाळीत कोणते काम राहून गेले याची वही असावी, आणि त्या नोंदीबद्दल सेविकेला शिक्षा होणार नाही याची हमी असावी. आज व्यवस्थापनाची उणीव तिच्या माथी अपराध म्हणून मारली जाते. ती वही सरकारी तपासनिसाने वाचावी आणि तिच्या आधारे वाढीव पदे व वेतन यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद व्हावी, अशी आमची मागणी आहे.

चवथीला, दिवाळीला फळे आणि लुगडी घेऊन आश्रमात जाणारी मंडळे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. यंदा त्यांनी परतण्यापूर्वी एवढेच विचारावे: आज रात्री येथे जागे कोण राहणार आहे, आणि किती जणांसाठी?