मुंजा केवळ खलनायक नव्हे



चित्रपटांतल्या भुताखेतांवर तर्क लढवणाऱ्या तरुणांना ‘रिकामटेकडे’ ठरवणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. ते मला पटले नाही.

‘स्त्री’ (२०१८) चंदेरीची, ‘भेडिया’ (२०२२) अरुणाचलातला, ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातला. एकाच चित्रविश्वातल्या या शक्तींचे आपसांत नाते काय, बलवान कोण, हे मुले जुळवून पाहतात. आपल्या पूर्वजांनीही तेच केले. खंडोबाला त्यांनी शंकराचा अवतार मानले, आमच्या देवपूरच्या एकवीरेचे नाते रेणुकेशी जोडले. गावोगावचे देव असेच एकमेकांचे सोयरे झाले.

मुलांना सांगणे एकच: चित्रपटालाच प्रमाण मानू नका. पडद्यावरचा मुंज्या लग्नाच्या हट्टाला पेटलेला आहे, पण जळगाव जिल्ह्यात अट्रावलला (ता. यावल) मुंजोबाची यात्रा भरते, लोक श्रद्धेने नवस फेडतात. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाच्या पिशाच्चाला भिणाऱ्या समाजानेच त्याला देवपणही दिले. ही बाजू ध्यानात घेतली, तर मुलांचे तर्क अधिक खोल जातील. म्हणून त्यांना गप्प बसवू नका. एकदा अट्रावलच्या यात्रेला घेऊन जा.

— एक वाचक, देवपूर, धुळे